थंडीत स्टिअरिंग जड का होते?

जानेवारी महिन्यातील एक पहाट डोळ्यांसमोर आणा. गिरगावातल्या चाळीत तुम्ही आंघोळीला निघाला आहात. डोक्याला लावायला खोबरेल तेलाची बाटली उचलता, उलटी करता, पण तेल काही बाहेर येत नाही! रात्रीतून ते पांढरेशुभ्र होऊन गोठले आहे. आई म्हणते, "बाटली गरम पाण्यात ठेव जरा."

त्याच वेळी तिकडे लालबागच्या एका गल्लीत एक टेम्पो दादरच्या फूलबाजाराला जायला निघतो आहे. चालक इंजिन सुरू करतो, गाडी गल्लीतून बाहेर काढण्यासाठी स्टिअरिंग फिरवू लागतो, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. तुम्ही विचारता, "काका, काय झालं?" ते म्हणतात, "अरे, थंडीनं स्टिअरिंग जड झालंय. गाडी जरा गरम झाली की होईल हलकं."

खोबरेल तेल गोठले आणि स्टिअरिंग जड झाले, दोन्ही थंडीनेच. मग ही दोन्ही एकाच प्रकारची उदाहरणे आहेत का? आणि मुंबईची थंडी खरोखरच एवढी कडक असते का, की तिने गाडीचे स्टिअरिंग अडावे? काकांचे उत्तर बरोबर आहे की अर्धेच बरोबर आहे? या लेखात आपण याचा छडा लावू. तो लावताना शाळेत शिकलेले तीन-चार नियम आपल्या मदतीला येतील.

चाक वळवायला जोर का लागतो?

उभ्या गाडीचे पुढचे चाक वळवायचे म्हणजे काय करायचे? टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो गाडीचे वजन अंगावर घेऊन रस्त्यावर घासत फिरवायचा. गाडी चालू असेल तर चाक घरंगळता घरंगळता वळते, म्हणून जोर कमी लागतो. गाडी उभी असेल किंवा मुंगीच्या पावलाने चालत असेल, तेव्हा घर्षण सर्वांत जास्त जाणवते. अनंत चतुर्दशीला लालबाग-परळहून गिरगाव चौपाटीकडे निघालेली मिरवणूक तुम्ही पाहिली असेल. मोठ्या मूर्तीचा ट्रक अरुंद वळणावर इंच इंच सरकत असतो. त्या वेळी चालकाच्या हातांकडे लक्ष देऊन पाहा. भरधाव ट्रकपेक्षा हा रांगणारा ट्रक वळवणे अधिक कष्टाचे असते.

हा जोर कमी करण्याचा जुना उपाय म्हणजे दात्यांची चाके आणि तरफ. गाडीचे चाक १ अंश वळवण्यासाठी स्टिअरिंग साधारण १५ ते २० अंश फिरवावे लागेल, अशी रचना करायची. जोर कमी लागतो, पण हात जास्त फिरवावे लागतात. साध्या यंत्रांचा हा नियमच आहे: बळात वाचवाल ते अंतरात मोजावे लागते. मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला अशीच साधी रचना होती. तिला पॉवर स्टिअरिंग नव्हते. आजोबांना विचारा. जुन्या बसगाड्यांची स्टिअरिंग परातीएवढी मोठी का असत, तेही त्यांना ठाऊक असेल. वर्तुळ जितके मोठे, तितकी तरफ लांब!

पास्कलचा नियम मदतीला येतो

पण नुसत्या तरफेवर किती भागवणार? मोठ्या गाडीत चालकाचे हात भरून येत. म्हणून फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने इंजिनाच्याच शक्तीचा थोडा वाटा स्टिअरिंगच्या मदतीला घेण्याची कल्पना राबवली. १९२६ साली त्याने तेलाच्या दाबावर चालणारी अशी रचना गाडीत बसवून दाखवली. विक्रीच्या मोटारीत ती यायला मात्र १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लर कंपनीने आपल्या इम्पीरियल गाडीत पॉवर स्टिअरिंग दिले.

तिचे तत्त्व तुम्ही पुस्तकात वाचले आहे. बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम. गॅरेजमधला हायड्रॉलिक जॅक याच नियमावर गाडी उचलतो. पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या फिरत्या चाकावरून एक पट्टा जातो आणि तो एक छोटा पंप फिरवतो. पंप एका लहान टाकीतून तेल ओढतो आणि दाबाखाली नळीतून पुढे पाठवतो. पुढे एका नळकांड्यात दट्ट्या असतो. त्याच्या डाव्या बाजूला तेल सोडले तर तो उजवीकडे सरकतो, उजव्या बाजूला सोडले तर डावीकडे. दट्ट्या चाकांच्या दांड्याला जोडलेला असतो.

आता थोडे गणित करू. समजा तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोग्रॅम-भार आहे आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर आहे. तर दट्ट्यावरील बळ किती?

५० × ८ = ४०० किलोग्रॅम-भार.

म्हणजे चार क्विंटल वजनाएवढा रेटा! चालकाने फक्त इशारा करायचा, कष्ट इंजिनाने करायचे.

हा इशारा तेलाला कळतो कसा? स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक पोलादी सळई असते. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, पण चाके लगेच वळत नाहीत. त्यामुळे ही सळई किंचित पिळली जाते. या पिळामुळे एक झडप थोडीशी उघडते आणि तेलाला योग्य बाजूची वाट मिळते. चाके वळली की पीळ सुटतो आणि झडप पूर्ववत होते. झडपेच्या या वाटा अगदी चिंचोळ्या असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे उपयोगी पडणार आहे.

तेलाचा दाटपणा म्हणजे काय?

पाणी ओतले तर सळसळत जाते, मध ओतला तर आळसावल्यासारखा उतरतो. द्रवाच्या वाहण्याला त्याच्या आतूनच होणाऱ्या या विरोधाला 'श्यानता' म्हणतात. इंग्रजीत तिलाच व्हिस्कॉसिटी हे नाव आहे. द्रव वाहतो तेव्हा त्याचे थर एकमेकांवरून सरकत असतात. नळीच्या भिंतीला लागलेला थर जवळजवळ स्थिर असतो आणि मधला सर्वांत वेगाने जातो. शेजारच्या थरांतील रेणू एकमेकांना ओढून धरतात. हेच द्रवाचे अंतर्गत घर्षण.

श्यानता मोजण्याच्या एका एककाला 'पॉइज' म्हणतात. पॉयझय या फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून ते आले. शरीरातील बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते हे समजावे म्हणून त्याने १८४० च्या सुमारास काचेच्या केसासारख्या नळ्यांतून द्रव वाहवून काटेकोर प्रयोग केले. त्यांतून त्याला दोन गोष्टी कळल्या. एक, श्यानता दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाने निम्माच द्रव वाहतो. दुसरी गोष्ट अधिक आश्चर्याची. नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा किंवा पावपट होत नाही, तो सोळावा हिस्सा उरतो! चिंचोळ्या वाटेत दाट द्रव का अडतो, ते आता समजले ना?

थंडीचा श्यानतेवर काय परिणाम होतो, हे घरातल्या एरंडेल तेलावरून पाहू. त्याची श्यानता अशी असते:

४० अंश सेल्सिअसला सुमारे २.३ पॉइज,
३० अंशांना सुमारे ४.५ पॉइज,
२० अंशांना सुमारे ९.९ पॉइज,
१० अंशांना सुमारे २४ पॉइज.

२० अंशांना पाण्याची श्यानता एक शतांश पॉइज असते. म्हणजे त्या तापमानाला एरंडेल पाण्याच्या सुमारे हजारपट दाट! पण अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. वरचे आकडे पुन्हा वाचा. तापमान दर १० अंशांनी उतरते तशी श्यानता ठरावीक आकड्याने वाढत नाही. ती प्रत्येक वेळी दुपटीने किंवा त्याहूनही अधिक वाढते. तापमान उतरले की रेणूंची धावपळ मंदावते, ते एकमेकांच्या ओढीतून सहज सुटू शकत नाहीत आणि द्रव दाट होतो.

गोठणे वेगळे, दाट होणे वेगळे

आता खोबरेल तेलाकडे परत येऊ. खोबरेल सुमारे २४-२५ अंशांना गोठते. गोठताना त्याचे रेणू ओळीने रचले जातात आणि द्रवाचा स्थायू होतो. ही अवस्थांतराची क्रिया आहे. शेजारच्याच बाटलीतले शेंगदाण्याचे तेल त्याच पहाटे पातळ राहते, कारण ते गोठायला याहून पुष्कळच जास्त थंडी लागते.

गाडीतील तेल खोबरेलासारखे गोठत नाही. ते निवडतानाच असे निवडतात, की कडक थंडीतही ते द्रवच राहावे. ते फक्त दाट होत जाते. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की बाटलीतील खोबरेल आणि टेम्पोतील तेल ही एकाच गोष्टीची उदाहरणे नाहीत. पहिल्यात अवस्था बदलते, दुसऱ्यात श्यानता वाढते.

तेल दाट झाले की काय बिघडते?

तुम्ही म्हणाल, "पंप तर ५० किलोग्रॅमच्या दाबाने तेल रेटतो. दाट तेल त्याला का अडावे?" प्रश्न चांगला आहे. पण पंपाला दोन बाजू असतात हे विसरू नका. पुढे रेटायच्या बाजूला पंप जोर लावू शकतो. मागे टाकीतून तेल ओढायच्या बाजूला मात्र त्याला एकाच गोष्टीचा आधार आहे, तो म्हणजे वातावरणाचा दाब. आणि तो असतो दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोग्रॅम-भारच. आपण नळीने सरबत पितो तेव्हाही तोंडातील दाब कमी झाल्यावर बाहेरची हवाच सरबताला वर ढकलते. त्या नळीने आता मध पिऊन पाहा! गाल दुखतील, पण तोंडात थेंबभरच येईल. फार थंडीत पंपाची नेमकी हीच गत होते. त्याला पुरेसे तेल मिळत नाही, तेलात पोकळ्या व बुडबुडे होतात, आणि पंप घूं घूं असा आवाज करू लागतो. बुडबुड्यांचे तेल नीट दाब पोचवत नाही, कारण हवा दबते आणि तेल जवळजवळ दबत नाही.

त्यातच झडपेच्या चिंचोळ्या वाटा, थंडीने ताठरलेली रबराची कडी आणि सांध्यांतले घट्ट झालेले ग्रीस यांची भर पडते. मग स्टिअरिंग जड लागते. इंजिन थोडा वेळ चालले की घर्षणाने तेल तापते, पातळ होते आणि स्टिअरिंग मोकळे होते.

थंडीचा आणखी एक परिणाम टायरवर होतो. बंदिस्त हवेचे तापमान उतरले की तिचा दाब कमी होतो. समजा ३२ अंशांच्या दुपारी टायरमध्ये ३२ पौंड हवा भरली. पंपावरचा काटा वातावरणाच्या दाबाहून जास्त असलेला दाबच दाखवतो. म्हणून खरा दाब ३२ अधिक १४.७, म्हणजे ४६.७ पौंड. पहाटे तापमान १७ अंशांवर आले. केल्व्हिनमध्ये हे झाले ३०५ वरून २९०.

४६.७ × २९० ÷ ३०५ = ४४.४

यातून १४.७ वजा केले की काटा दाखवील २९.७. हवा कुठेही गळाली नाही, तरी दोन पौंडांहून अधिक कमी झाली! मऊ टायर रस्त्याला अधिक पसरून टेकतो, आणि तो जागच्या जागी वळवायला जोर जास्त लागतो.

पण मुंबईला एवढी थंडी असते का?

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. कुलाब्याच्या वेधशाळेत जानेवारीतील रात्रीचे किमान तापमान सरासरीने १९ अंशांच्या आसपास असते. सांताक्रूझला ते दोन-तीन अंशांनी कमी असते. जानेवारी १९६२ मध्ये मुंबईत कडाक्याची थंडी पडली होती. त्या वेळी कुलाब्याला ११.७ आणि सांताक्रूझला ७.४ अंश एवढी खाली पाऱ्याची नोंद झाली. कुलाबा तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. समुद्राचे पाणी सावकाश निवते, म्हणून तेथील रात्र उबदार राहते. गिरगाव, परळ, दादर या भागांतही समुद्र काही फार दूर नाही.

पॉवर स्टिअरिंगमध्ये वापरले जाणारे तेल एरंडेलापेक्षा कितीतरी पातळ असते आणि थंडीने त्याच्याइतके बिघडतही नाही. ३० अंशांवरून १६ अंशांवर आले, तर ते साधारण दुप्पट दाट होते. पंप आणि झडपा बनवणाऱ्यांनी याहून पुष्कळ जास्त दाटपणाची तयारी ठेवलेली असते. नाशिक जिल्ह्यात निफाडला पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. लेहला हिवाळ्याच्या रात्री तो उणे १५ च्या आसपास जातो. उणे २० अंशांना हेच तेल ४० अंशांच्या मानाने पंचवीस-तीस पट दाट होऊ शकते. लडाखमध्ये किंवा कॅनडात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या गाडीचे स्टिअरिंग सकाळी पाच मिनिटे जड लागले, तर दोष थंडीला देता येईल.

लालबागच्या टेम्पोची गोष्ट मात्र वेगळी आहे. मुंबईच्या थंडीने निरोगी गाडीचे स्टिअरिंग जाणवण्याइतके जड होऊ नये. झालेच, तर समजावे की गाडीत आधीच काहीतरी उणे आहे, आणि थंडीने ते फक्त उघडे पाडले.

उदाहरणार्थ, पंप फिरवणारा पट्टा ढिला आहे. दुपारी तेल पातळ असते, तेव्हा ढिला पट्टाही पंप कसाबसा फिरवतो. पहाटे तेल दुप्पट दाट, पंप फिरवायला जोर जास्त लागणार. पट्टा घसरतो, चीं चीं करतो, आणि स्टिअरिंग जड होते. किंवा टाकीतले तेल गळून कमी झाले आहे. किंवा जुन्या, काळ्या पडलेल्या तेलातील गाळाने जाळी तुंबली आहे. वाट अरुंद झाली की प्रवाह किती झपाट्याने घटतो, ते पॉयझयने सांगितलेच आहे. काकांचे उत्तर म्हणूनच अर्धे बरोबर. "थंडीनं झालंय" म्हणून त्यांनी गळतीकडे दुर्लक्ष केले, तर थंडी जाईल पण गळती राहील. मग एखाद्या दिवशी भर गर्दीत, हिंदमाताच्या चौकात वळतानाच तेल संपेल. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग आणि चाके दांड्यांनी जोडलेलीच असतात, त्यामुळे गाडी तरीही वळते. पण हलक्या स्टिअरिंगची सवय झालेल्या हातांना ते अचानक जड लागले, तर वळण चुकते आणि रस्ता ओलांडणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. चुकीचे कारण पटले की माणूस खरे कारण शोधायचे थांबतो. विज्ञानातही असेच होते आणि रस्त्यावरही.

कारण कसे शोधावे?

शास्त्रज्ञ एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो. आपणही तसेच करू.

१. स्टिअरिंग फक्त सकाळी जड असते की दुपारीही? दुपारीही असेल, तर थंडी निर्दोष आहे.
२. इंजिनाचा वेग थोडा वाढवल्यावर हलके होते का? तसे झाले, तर पंप किंवा पट्टा कमी पडतो आहे.
३. वळवताना चीं चीं आवाज येतो का? पट्टा पाहा. घूं घूं येतो का? तेलाची पातळी पाहा आणि तेलाला फेस आहे का तेही पाहा.
४. गाडीखाली जमिनीवर तेलाचे थेंब पडलेले आहेत का? रात्री पुठ्ठा पसरून ठेवला तर सकाळी लगेच कळते.
५. पुढच्या दोन्ही टायरांत हवा योग्य आहे का? हवा नेहमी टायर गार असताना मोजावी.
६. एकाच बाजूला वळवताना जड लागते का? मग झडप, दट्ट्या किंवा सांधे तपासायला गाडी मेकॅनिककडेच न्यावी.

तेलाच्या टाकीवर किंवा तिच्या झाकणाच्या पट्टीवर पुष्कळदा दोन खुणा असतात, एक गार तेलासाठी व एक गरम तेलासाठी. दोन कशासाठी? तेल तापले की प्रसरण पावते. दर अंशाला त्याचे आकारमान साधारण दहा हजारांत ७ भागांनी वाढते. १ लीटर तेल ६० अंशांनी तापले, तर ते सुमारे ४२ मिलिलीटरने फुगेल. गार तेल गरम खुणेपर्यंत भरले, तर तापल्यावर ते उतू जाईल.

आणि काय करू नये, तेही सांगतो. तेल पातळ व्हावे म्हणून त्यात रॉकेल घालू नये. ब्रेकचे तेल तर मुळीच घालू नये, कारण त्याने या रचनेतील रबराची कडी फुगून खराब होतात. गाडीच्या पुस्तकात जे तेल सांगितले असेल तेच वापरावे. स्टिअरिंग एका टोकाला नेऊन तसेच दाबून धरू नये; त्या वेळी पंपाचा दाब कमाल होतो, तेल फार तापते आणि पंप झिजतो. थंडीच्या ठिकाणी इंजिन सुरू करून थोडा वेळ थांबावे, मग स्टिअरिंग हळूहळू दोन्हीकडे फिरवावे आणि पहिले काही अंतर सावकाश जावे. मात्र बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक असतो.

करून पाहा

साहित्य: प्रयोगशाळेतील १०० मिलिलीटरचे मोजपात्र, तेवढे एरंडेल तेल, सायकलच्या दुकानातून आणलेले फ्रीव्हीलचे बारीक छर्रे, तापमापी, घड्याळ, दोन रबरी कडी, लोहचुंबक, बर्फ.

मोजपात्रात तेल भरा. तेलाच्या पृष्ठभागाखाली तीन-चार सेंटिमीटर सोडून एक रबरी कडे बसवा आणि त्याच्या खाली जेवढी जागा मिळेल तेवढ्यात, शक्यतो १० ते १५ सेंटिमीटरवर, दुसरे बसवा. छर्रा तेलाने माखून मधोमध अलगद सोडा. वरच्या कड्यापासून खालच्या कड्यापर्यंत जायला किती सेकंद लागले ते लिहा. असे पाच वेळा करून सरासरी काढा. छर्रे वर काढायला लोहचुंबक बाहेरून काचेवर फिरवा. मग मोजपात्र बर्फाच्या पाण्यात उभे करून तेल हलक्या हाताने ढवळत १० अंशांपर्यंत आणा आणि प्रयोग पुन्हा करा.

तेलात पडणारा छर्रा थोड्याच वेळात ठरावीक वेगाने जाऊ लागतो. तो वेग श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली दाखवले. ३ मिलिमीटरच्या छर्र्याला १५ सेंटिमीटर जायला ३० अंशांच्या तेलात दोनेक सेकंद लागतात, तर १० अंशांच्या तेलात दहा-बारा. तुमचे आकडे वर दिलेल्या श्यानतेच्या आकड्यांशी जुळतात का, ते ताडून पाहा. मधल्या तापमानांनाही मोजणी करून आलेख काढा; तो सरळ रेषा येतो की वक्ररेषा?

शिक्षकांना सूचना: मोजण्यातली खरी अडचण ३० अंशांना येते, कारण दोन सेकंदांच्या मोजणीत हाताची अर्ध्या सेकंदाची चूकही मोठी ठरते. ही चूक टक्केवारीत किती होते, हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे.

तेलाविना स्टिअरिंग

१९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत विजेच्या मोटरवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आले. आज बहुतेक नव्या मोटारींत तेच असते. त्यात ना पंप, ना तेल, ना नळ्या. चालक किती जोर लावतो आहे हे एक संवेदक मोजतो आणि त्या मानाने मोटर मदत करते. तेलाच्या दाटपणाचा प्रश्न तेथे उरत नाही. पण सांध्यांतले ग्रीस, टायरमधली हवा आणि बॅटरीची शक्ती यांवर थंडीचा परिणाम होतोच. ट्रक आणि मोठ्या बसगाड्यांत मात्र अजूनही पुष्कळदा तेलाच्या दाबाचीच मदत घेतात.

तेव्हा पुढच्या जानेवारीत कोणी काका म्हणाले, की थंडीने स्टिअरिंग जड झाले आहे, तर त्यांना नम्रपणे विचारा, "काका, पट्टा आणि तेल पाहिलंत का?" आणि पाहताना त्यांच्याजवळ उभे राहून तुम्हीही पाहा. मात्र इंजिन बंद असल्याशिवाय फिरत्या भागांजवळ हात नेऊ नका.

विचार करून उत्तरे द्या

१. द्रव तापवला की त्याची श्यानता कमी होते. वायू तापवला तर त्याची श्यानता मात्र वाढते. असे का होत असावे? वायूंत रेणू एकमेकांपासून दूर असतात, हे ध्यानात घ्या.
२. नळीची त्रिज्या गाळामुळे १० टक्क्यांनी कमी झाली, तर तेवढ्याच दाबाने प्रवाह किती टक्के उरेल?
३. पहाटे १७ अंशांना टायरमध्ये ३२ पौंड हवा भरली. दुपारी टायरचे तापमान ४७ अंश झाले, तर काटा किती दाखवील? टायरचे आकारमान तेच राहिले असे धरा.